ट्वायलाइट स्ट्रगल : महासत्तांच्या संघर्षाचा पट आणि त्यातून निसटलेली शस्त्रस्पर्धा

शीतयुद्धावर बेतलेला ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा दोन खेळाडूंचा पटावरील खेळ जीएमटी गेम्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २००५ मध्ये प्रथम बाजारात आणला. आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज हे त्याचे रचनाकार आहेत. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर जगभरातील खेळाडूंच्या मतांवरून लागणाऱ्या क्रमवारीत तो अनेक वर्षे पहिल्या स्थानावर होता. मुंबईत अलीकडे पटावरील खेळ खेळण्याची सोय असलेली कॅफे वाढली आहेत, असे खेळ आयात करून विकणारी दुकानेही सहज सापडतात, आणि त्यामुळे हा खेळ घ्यावा का, असे विचारणारे मराठी वाचक मला वरचेवर भेटू लागले आहेत. विलेपार्ल्यातील आमचा छोटा गट तो बरेच महिने खेळत आहे. या गटात शाळेत इतिहास शिकवणाऱ्या दोन बाई, एक निवृत्त बँक अधिकारी आणि राज्यशास्त्राचे काही विद्यार्थी आहेत. माझे मत आधीच सांगतो. अणुयुद्धाच्या काठावर उभे राहून निर्णय घेण्याची धास्ती याच्याइतकी प्रामाणिकपणे मांडणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही. तरीही शस्त्रस्पर्धा म्हणजे काय, ती कशामुळे वाढत गेली आणि कशामुळे आवरली, हे मात्र या पटावरून समजत नाही. ज्यांना हा खेळ वर्गात किंवा घरी मुलांबरोबर वापरायचा आहे, त्यांनी ही मर्यादा खरेदीपूर्वीच ओळखावी, यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी आहे. एक खेळाडू अमेरिका आणि दुसरा सोव्हिएत संघ होतो. पटावर जगाचा नकाशा असून प्रत्येक देशाला स्थैर्याचा एक अंक दिलेला आहे, आणि काही देश मोक्याचे म्हणून वेगळ्या रंगात दाखवलेले आहेत. हातातील प्रत्येक पत्त्यावर एक ऐतिहासिक घटना आणि एक आकडा असतो. आकडा वापरून आपला प्रभाव पसरवता येतो, सत्तापालट घडवता येतो किंवा अंतराळ स्पर्धेत पाऊल टाकता येते. पत्ता प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा असेल, तर आकडा आपण वापरला तरी त्यावरची घटना त्याच्या फायद्याची म्हणून घडतेच. ही एकच युक्ती संपूर्ण खेळाचा प्राण आहे. शत्रूच्या फायद्याची घटना कधीतरी आपल्याच हातून घडणार आहे, ती केव्हा घडली तर कमी नुकसान होईल, एवढेच ठरवणे आपल्या हाती उरते. सत्ता हाती असूनही परिस्थिती हाती नसण्याचा हा अनुभव कोणत्याही पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा अधिक शिकवतो. डाव दहा फेऱ्यांचा असतो, पण गुणफलक कोणत्याही बाजूने वीसवर पोहोचला तर तो मध्येच संपतो.

आता डेफकॉनच्या, म्हणजे अणुयुद्ध किती जवळ आले आहे हे दाखवणाऱ्या पट्टीकडे वळू, कारण या खेळाचे खरे मोल तिथे आहे. पट्टीवर पाच ते एक असे आकडे आहेत. पाच म्हणजे शांतता आणि एक म्हणजे अणुयुद्ध. मोक्याच्या देशात कोणीही सत्तापालट घडवला की पट्टी एक घर खाली येते, आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ती एक घर वर चढते. पट्टी चारवर आली की युरोपात सत्तापालट करता येत नाही, तीनवर आली की आशियाचे दार बंद होते आणि दोनवर आली की मध्यपूर्वेचेही. एकवर आली की डाव तिथेच संपतो, आणि ज्याची पाळी चालू असेल तो हरतो. घटना कोणाच्या पत्त्यावर होती किंवा तिचा फायदा कोणाला मिळणार होता, याला काहीही महत्त्व उरत नाही. अमेरिका खेळणाऱ्याच्या हातात ‘वी विल बरी यू’ हा सोव्हिएत पत्ता आहे आणि पट्टी दोनवर आहे, असे समजा. तो पत्ता साधेपणाने टाकला तर पट्टी एकवर येईल आणि अणुयुद्धाचा दोष अमेरिकेवर बसेल. म्हणून तो पत्ता अंतराळ स्पर्धेत खर्ची घालावा लागतो किंवा हातात दडवून पुढच्या फेरीपर्यंत जपावा लागतो. आमच्या गटातील विद्यार्थी या पत्त्यांना ‘जिवंत बॉम्ब’ म्हणतात. गुणांत पंधराने पुढे असलेला खेळाडूही एका चुकीच्या क्रमाने सर्व गमावू शकतो, हे एकदा अनुभवले की परस्परविनाशाच्या धाकाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या नियमाचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. पट्टी खाली उतरत जाते तसतसा युरोप, आशिया आणि मध्यपूर्व सुरक्षित होतात, आणि सत्तापालटासाठी केवळ आफ्रिका, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिका शिल्लक राहतात. त्यातच प्रत्येक खेळाडूने दर फेरीत ठरावीक लष्करी हालचाल करून दाखवलीच पाहिजे, नाहीतर गुण वजा होतात. अणुयुद्धाच्या भीतीने महासत्ता एकमेकींसमोर आल्या नाहीत, मात्र त्याच भीतीमुळे बंदुका अंगोलासारख्या देशांत पोहोचल्या. १९७५ मध्ये पोर्तुगाल तिथून निघून गेल्यावर दोन्ही गटांनी ओतलेल्या शस्त्रांवर ते यादवी युद्ध अनेक वर्षे चालू राहिले. इतिहासातील हा निर्दय व्यवहार खेळाडू स्वतःच्या हाताने करतो आणि काही वेळाने तो आपण किती सहज करू लागलो हे त्याच्या लक्षात येते. शाळेत हा खेळ वापरायचा असेल तर शिक्षकांनी याच ठिकाणी थांबून मुलांशी बोलावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रे नेल्यामुळे १९६२ मध्ये उभ्या राहिलेल्या क्षेपणास्त्र संकटाचा पत्ताही तितकाच विचारपूर्वक रचलेला आहे. तो पडला की पट्टी थेट दोनवर येते आणि त्या फेरीत प्रतिस्पर्ध्याने कुठेही सत्तापालट केला तर अणुयुद्ध होऊन तो हरतो. या कोंडीतून सुटायचे असेल तर सोव्हिएत खेळाडूने क्यूबातून, किंवा अमेरिकी खेळाडूने तुर्कस्तान अथवा पश्चिम जर्मनीतून आपला प्रभाव काढून घ्यायचा असतो. तुर्कस्तानचा हा उल्लेख वरवरचा नाही. इटली आणि तुर्कस्तानात अमेरिकेने ज्युपिटर क्षेपणास्त्रे ठेवली होती, आणि २७ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे आश्वासन दिले होते. ते जाहीर करायचे नाही, अशी अट होती. एप्रिल १९६३ पर्यंत ती क्षेपणास्त्रे हलवण्यात आली, पण हा व्यवहार लोकांपासून बराच काळ लपवला गेला. केवळ अमेरिकेच्या खंबीरपणामुळे सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी माघार घेतली, ही समजूत आजही ऐकू येते. पत्त्यावरचे दोन ओळींचे कलम ती समजूत खोडून काढते.

इथपर्यंत खेळाची बाजू भक्कम आहे. उणीव सुरू होते ती त्याच डेफकॉनच्या पट्टीपासून. पटावर एकच पट्टी आहे आणि ती दोघांना सारखीच दिसते. प्रत्यक्षात डेफकॉन ही फक्त अमेरिकी सैन्याची सज्जतेची पद्धत होती, आणि मॉस्कोला आतून काय दिसत होते हे वॉशिंग्टनला अनेकदा कळत नसे. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेची अण्वस्त्रधारी विमाने आणि क्षेपणास्त्रे सांभाळणारी स्ट्रॅटेजिक एअर कमांड डेफकॉनच्या दुसऱ्या पातळीवर गेली, तो शीतयुद्धातील अत्यंत अपवादात्मक क्षण होता. खेळात मात्र सोव्हिएत खेळाडू पहिल्या काही खेळींतच पट्टी खाली आणतो आणि जवळजवळ संपूर्ण डाव दोनवरच रेंगाळतो. खेळाची चुरस टिकवण्यासाठी ही सोय समजण्यासारखी आहे. तरी त्यामुळे धोका ही दोघांना दिसणारी, मोजता येणारी आणि नियमांनी बांधलेली गोष्ट आहे, असा चुकीचा ग्रह खेळाडूच्या मनात बसतो. २६ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मॉस्कोजवळच्या सेरपुखोव्ह-१५ या केंद्रात उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याची सूचना दिली, तेव्हा कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्यासमोर अशी कोणतीही सामाईक पट्टी नव्हती. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्राच्या ज्वाळा म्हणून वाचला होता. तो खोटा इशारा आहे, असे पेत्रोव्ह यांनी स्वतःच्या बुद्धीने ठरवले. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि त्यात २६९ माणसे मृत्युमुखी पडली होती. ती घटना खेळात पत्ता म्हणून आहे. पेत्रोव्ह यांची रात्र नाही, आणि या रचनेत ती असूही शकत नाही, कारण यंत्राची चूक आणि अपुरी माहिती यांना पटावर जागाच ठेवलेली नाही.

शस्त्रस्पर्धेचे इंजिन हेच अज्ञान होते. १९६० च्या अमेरिकी निवडणुकीत सोव्हिएत संघ क्षेपणास्त्रांत फार पुढे गेला आहे, अशी भीती प्रचाराचा विषय झाली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे तपासल्यावर दिसले की डागण्यास सज्ज असलेली सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रे मूठभरच आहेत. तोवर अमेरिकेत मिनिटमन क्षेपणास्त्रे आणि पोलारिस पाणबुड्या यांचा कार्यक्रम इतका पुढे गेला होता की तो मागे फिरला नाही. क्यूबाच्या अपमानानंतर सोव्हिएत नेतृत्वाने ही तफावत भरून काढण्यासाठी आपल्या कारखान्यांना जुंपले. अमेरिकेचा अण्वस्त्रसाठा १९६७ च्या सुमारास ३१ हजारांच्या वर गेला, सोव्हिएत साठा १९८६ च्या सुमारास ४० हजारांच्या घरात पोहोचला. दोन्ही देशांकडे मिळून पृथ्वीवरील प्रत्येक मोठे शहर अनेकदा नष्ट करता येईल एवढा साठा झाल्यावरही आणखी कारखाने चालू ठेवण्याची ही जी गती होती, तिच्यामागे प्रतिस्पर्ध्याकडे नेमके काय आहे हे माहीत नसणे, प्रयोगशाळांची आपापसांतील चढाओढ, लष्कराच्या निरनिराळ्या दलांचे अर्थसंकल्पासाठीचे भांडण आणि कारखान्यांवर पोसलेल्या मतदारसंघांचे राजकारण अशी अनेक कारणे एकत्र काम करत होती. ‘ट्वायलाइट स्ट्रगल’मध्ये पटावरचे सर्व प्रभाव उघडे मांडलेले असतात आणि झाकलेले असतात ते फक्त हातातले पत्ते. ‘आर्म्स रेस’ नावाचा एक पत्ता आहे. लष्करी हालचालीत पुढे असलेल्याला तो एक गुण देतो, आणि त्या फेरीची आवश्यक हालचाल पूर्ण झालेली असेल तर तीन. चार दशकांची शस्त्रस्पर्धा एवढ्यात आटोपते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

अंतराळ स्पर्धेबाबतही तेच. २१ ऑगस्ट १९५७ रोजी सोव्हिएत आर-७ क्षेपणास्त्राचे पूर्ण पल्ल्याचे उड्डाण यशस्वी झाले आणि त्याच जातीच्या रॉकेटने ४ ऑक्टोबरला स्पुतनिक कक्षेत सोडला. अमेरिकेला उपग्रहाच्या आवाजापेक्षा त्याच्या मागच्या रॉकेटची भीती वाटली होती. खेळात अंतराळाची पट्टी क्षेपणास्त्रांपासून पूर्णपणे अलग आहे, आणि बहुतेक खेळाडू तिचा उपयोग अडचणीचे पत्ते टाकून देण्यासाठी करतात.

शस्त्रनियंत्रणाच्या करारांची मांडणी तर मला दिशाभूल करणारी वाटते. ‘सॉल्ट’ या सामरिक शस्त्रे मर्यादित करण्याच्या वाटाघाटींचा पत्ता टाकला की डेफकॉन दोन घरे सुधारते आणि टाकलेल्या पत्त्यांतून एक परत मिळतो. तणाव निवळला, एवढाच त्याचा अर्थ खेळात उरतो. मे १९७२ च्या सॉल्ट करारात क्षेपणास्त्रे डागण्याच्या साधनांची संख्या गोठवली गेली, मात्र एका क्षेपणास्त्रावर किती अणुस्फोटके बसवायची हे मोकळे राहिले. अमेरिकेने १९७० मध्येच तीन स्वतंत्र लक्ष्ये गाठणारे मिनिटमन-३ तैनात करायला सुरुवात केली होती आणि सोव्हिएत संघानेही तो मार्ग धरला, त्यामुळे करारानंतर दोन्हीकडे स्फोटकांची संख्या वाढतच गेली. याउलट ८ डिसेंबर १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या कराराने खरीच शस्त्रे नष्ट झाली : १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंची मिळून २,६९२. अमेरिकी निरीक्षक सोव्हिएत संघातील व्होत्किन्स्कच्या कारखान्याबाहेर आणि सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेच्या यूटा राज्यातील मॅग्ना येथे प्रत्यक्ष मुक्काम करून राहिले, आणि एकमेकांच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी वाहने तपासू लागले. ज्या अज्ञानाने स्पर्धा पेटवली होती, त्यावर उपाय म्हणून हे करारातले कलम किती मोलाचे होते, हे सांगणारा एकही पत्ता खेळात नाही.

भारतीय वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. भारत इथे स्थैर्य तीन असलेला मोक्याचा देश आहे आणि पाकिस्तान स्थैर्य दोनचा. ‘इंडो-पाकिस्तानी वॉर’ हा पत्ता ज्याच्या हाती येईल त्याने दोघांपैकी एकावर दुसऱ्याकडून आक्रमण करवायचे, फासा टाकायचा, आणि जिंकले तर दोन गुण मिळवून प्रतिस्पर्ध्याच्या जागी आपला प्रभाव ठेवायचा. १९७१ मध्ये ऑगस्टचा भारत-सोव्हिएत करार झाला होता आणि डिसेंबरात अमेरिकेची एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली होती, हे खरे आहे. तरी ते युद्ध दिल्लीने स्वतःच्या कारणांसाठी लढले होते. अलिप्ततावादाच्या नावाने खेळात एकही पत्ता नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनांची चाचणी केल्यावर पंडित नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत सर्व अणुचाचण्या तात्काळ थांबवण्याची मागणी केली. महासत्तांच्या बाहेरून चाचणीबंदीची कल्पना इतक्या लवकर मांडणारा हा आवाज पटावर कुठेच उमटत नाही, आणि १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी कराराचा पत्ता मात्र दोन राजधान्यांचे श्रेय म्हणून येतो. तुर्भ्यात ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली अप्सरा अणुभट्टी, १६ ऑक्टोबर १९६४ चा चीनचा पहिला स्फोट, १८ मे १९७४ चे पोखरण, म्हणजे महासत्तांच्या स्पर्धेने इतरांना अणुविज्ञानाकडे आणि अण्वस्त्रांकडे कसे ओढले याचा संपूर्ण धागा खेळाच्या बाहेर राहिला आहे. चीन पटावर एक फिरता पत्ता आहे. वापरला की तो प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

रचनाकारांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शीतयुद्धातील नेत्यांच्या मनातील गृहीतके, एक देश पडला की शेजारचा पडतो ही कल्पनासुद्धा, आपण खेळापुरती खरी मानली आहेत आणि त्यांतील काही प्रत्यक्षात चुकीची होती, हे त्यांनी नियमपुस्तिकेतील टिपणात स्पष्ट मांडले आहे. हा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण ते टिपण वाचणारे खेळाडू थोडे असतात, आणि आमच्या गटातील विद्यार्थ्यांनी तर ते मी दाखवेपर्यंत उघडलेले नव्हते.

व्यवहाराच्या दृष्टीने काही सूचना. डिलक्स आवृत्तीच घ्यावी, कारण तिचा पट जाड पुठ्ठ्याचा आहे आणि नंतर जोडलेल्या पत्त्यांसह ती एकूण ११० पत्त्यांची आहे. पट मोठा आहे. मुंबईच्या दिवाणखान्यातील टीपॉयवर तो मावत नाही, जेवणाचे टेबल मोकळे करावे लागते. पहिल्या डावाला चार तास सहज लागतात, सराव झाल्यावर अडीच-तीन तासांत तो पुरा होतो, म्हणून कॅफेमध्ये तासाच्या दराने बसून शिकणे परवडत नाही. या आवृत्तीचे नियम आणि पत्ते इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातील मुलांबरोबर खेळायचे असेल तर पट्टीचे नियम, सत्तापालटाचा हिशेब आणि धोक्याच्या पत्त्यांची नावे यांचा एक मराठी कागद आधी तयार करून ठेवावा. आम्ही तसा केला आहे आणि त्याने शिकण्याचा वेळ निम्मा झाला. दोन अनुभवी खेळाडू नसतील तर प्रत्येक बाजूला दोघांची जोडी बसवावी, कारण खेळीपूर्वी आपसांत कुजबुजत केलेली चर्चा हाच शिकण्याचा सर्वांत चांगला भाग असतो. प्लेडेक या कंपनीने २०१६ मध्ये काढलेली संगणकावरील आवृत्ती नियम स्वतः पाळून घेते, त्यामुळे एकट्याने सराव करायला ती उपयोगी आहे, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पत्ता वाचण्याची मजा तिच्यात नाही.

ज्याला दोन माणसांचा, खोल विचार करायला लावणारा आणि वर्षानुवर्षे न कंटाळवणारा खेळ हवा आहे, त्याने हा निःशंकपणे विकत घ्यावा. ज्या शिक्षकांना शस्त्रस्पर्धा शिकवायची आहे त्यांनी डाव संपल्यावर फळ्यावर दोन्ही देशांच्या साठ्याचे १९४५ ते १९९१ पर्यंतचे आकडे लिहावेत, मुलांना आपल्या खेळीतून हे आकडे का निर्माण झाले नाहीत असे विचारावे, आणि फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच मुदत असलेल्या अमेरिका-रशिया न्यू स्टार्ट कराराने तैनात अणुस्फोटकांवर घातलेली १,५५० ची मर्यादा त्या आकड्यांशेजारी मांडावी. आमच्या गटात हा तास डावाइतकाच रंगतो, आणि पुढच्या महिन्यात पटावर झाकलेल्या संख्येच्या सोंगट्या घालून आमचे स्वतःचे काही नियम तपासून पाहण्याचे आम्ही ठरवले आहे.